भाऊंचं नेत्रशिबिर

दिग्विजयभाऊंच्या वाढदिवसानिमित्त चऱ्होलीत मोफत नेत्रतपासणी शिबिर होतं. भाऊंचं गाड्यांच्या लाईटचं दुकान, मांडव त्याच्याच पुढ्यात घातलेला. पन्नाशीचा रंगनाथ तिथे घाबरतच गेला. त्याची स्वतःची मिनीबस चाकणच्या एका कंपनीला लावलेली होती. काल संध्याकाळी कामगारांना सोडताना समोर नुसता पांढरा उजेड झाला, आणि एक स्कूटरवाली बाई चाकाखाली येता येता वाचली. डोळे गेले असतील तर बसही गेली, हे त्याने मनात धरूनच ठेवलं होतं.

डॉक्टरबाईंनी दोन्ही डोळे नीट तपासले. "डोळे ठणठणीत आहेत, काका. दोष समोरच्या गाड्यांचा आहे. हल्ली लोक मनाला येतील तसले झगझगीत एलईडी बसवतात. त्यापुढे कुणालाच दिसणार नाही."

रंगनाथचा जीव भांड्यात पडला. भाऊ फेटा बांधून केकपाशी उभे होते. त्याने त्यांना हात जोडले आणि कालचं सगळं सांगितलं. भाऊंना खरंच वाईट वाटलं. त्यांनी दुकानाकडे वळून हाक मारली, "आपल्याकडचे सगळ्यात पॉवरफुल एलईडी काढा रे. काकांच्या बसला लावा, माझ्याकडून भेट."

"पण भाऊ, मग समोरच्याला कसं दिसायचं?" रंगनाथ म्हणाला.

भाऊंनी त्याच्या खांद्यावर हात ठेवला. "त्याची काळजी तुमी नका करू, काका. पुढच्या वाढदिवसाला त्याचेबी डोळे तपासून देऊ की, फुकटात."