रिकामा चौक

अंत्यविधीच्या पुस्तिकेवर छापण्यासाठी उल्काचे एक छायाचित्र पाच वाजेपर्यंत पाठवायचे होते, आणि ते घरात सापडत नव्हते.

वरदाच्या फोनमध्ये होते ते सगळे गेल्या दोन वर्षांतले, नाकात नळी असलेले. ते लावायचे नाहीत, असे उल्काने स्वतःच बजावले होते. लग्नाचा अल्बम वरदाने उघडून मिटला.

"मुंडावळ्यांमागे चेहराच दिसत नाही. मला नवरी नकोय बाबा, मला माझी आई हवीय. तुम्ही दर समरमध्ये स्पेनला जायचात ना दोघं? त्यातला काढा एखादा."

श्रीकांतांनी संगणक सुरू केला. लीड्सच्या इस्पितळात क्ष-किरणचित्रांतल्या सावल्या वाचण्यात त्यांची नोकरी सरली होती. उरलेले आयुष्य त्यांनी ओर्दुन्या नावाच्या एका विस्मृत स्पॅनिश छायाचित्रकाराला दिले होते. शंभराहून अधिक वर्षांपूर्वी हा गृहस्थ पोस्टकार्डांसाठी शहरांची दृश्ये टिपत असे. तो जिथे उभा राहिला तिथेच, त्याच ऋतूत, त्याच प्रहरी उभे राहून तेच दृश्य पुन्हा टिपायचे, हा श्रीकांतांचा नेम होता.

पडद्यावर चौक सरकू लागले. बुर्गोस, सेगोव्हिया, सालामांका. कमानी, कारंजी, घंटाघरे. माणूस कुठेच नव्हता.

"लोक कुठे गेले सगळे?"

"काढले. ओर्दुन्याच्या दृश्यांत माणसे नसत. जी येत, ती तो काचेच्या निगेटिव्हवर रंगाचा हात फिरवून घालवीत असे. मी संगणकावर घालवली."

"आणि आई?"

"तिला मी सांगत असे, जरा बाजूला हो म्हणून. तरी चौकटीत राहिलीच, तर घरी येऊन काढावी लागे."

"मूळ फोटो ठेवले असतील ना?"

"सदोष प्रती मी ठेवत नाही."

"त्याला कार्डं विकायची होती, बाबा. तुम्हाला कोणाला विकायची होती?"

श्रीकांत उत्तर देणार होते. शिस्तीविषयी, मूळ कृतीशी असलेल्या इमानाविषयी त्यांच्यापाशी पुष्कळ युक्तिवाद होते, आणि ते त्यांनी कॉव्हेंट्रीच्या संग्राहक मंडळात अनेकदा मांडले होते. पण त्यांची नजर समोरच्या भिंतीवर गेली. तिथे ओर्दुन्याचे सालामांकाचे कार्ड चौकटीत लावलेले होते. त्यातल्या फरशीवर एका स्त्रीची सावली होती, स्त्री नव्हती. बाई पुसताना ओर्दुन्या सावली पुसायला विसरला, हा श्रीकांतांचा शोध. घरी येणाऱ्या प्रत्येक पाहुण्याला तो ऐकावा लागे, आणि चहा देता देता उल्का दर वेळी म्हणे, "बायको असणार हो त्याची. दुसरं कोण थांबेल इतका वेळ?" पाहुणे हसत. "पुरावा नाही," श्रीकांत म्हणत.

त्यांनी स्वतःचे सालामांका उघडले आणि मोठे केले. क्ष-किरणचित्र वाचताना कडांपासून आरंभ करावा, ही जुनी सवय. वरची कड स्वच्छ होती. उजवी स्वच्छ होती. डाव्या बाजूला खाली, खांबांच्या लांब सावल्या फरशीवर ओळीने पडल्या होत्या. त्यांत एक सावली अधिक होती. तिला खांदे होते.

"ती सावली कोणाचा आहे?" वरदाने विचारले.

एरवी त्यांनी तिचे व्याकरण सुधारले असते.

तिथली फरशी त्यांनी संगणकावर स्वतः दगड दगड जुळवून भरली होती. सांधे इतके बेमालूम होते की उल्काची पावले कुठे टेकली होती, हे आता त्यांनाही सांगता येईना. सावलीचा एक हात वर गेलेला होता.

"हात करतेय ती," वरदा म्हणाली. "तुम्हाला."

"नाही. कमानीखाली लोकांना थोपवून धरणे हे तिचे काम असे. मोडक्यातोडक्या स्पॅनिशमध्ये सगळ्यांची क्षमा मागत असे. चौक मोकळा झाला की हात वर करी. ती खूण होती. आता कोणी नाही, घ्या फोटो, अशी."

वरदाने चष्मा काढून डोळे पुसले, मग वडिलांच्या हातातून माउस घेतला आणि ते छायाचित्र तसेच्या तसे पाठवून दिले. थोड्याच वेळात फ्युनरल डिरेक्टरांच्या ऑफिसमधून फोन आला. बाई फार सौजन्याने बोलत होत्या. चुकून दुसरीच फाइल आली असावी, यात कोणी दिसत नाही.

"हीच आहे," वरदा इंग्रजीत म्हणाली. "काही कापू नका."

शुक्रवारी दाहगृहात मंडळी जमली. पुस्तिका वाटल्या गेल्या. सगळ्यांनी मुखपृष्ठ पाहिले, उलटून मागची बाजू पाहिली, पुन्हा मुखपृष्ठ पाहिले. पुस्तिका डाव्या हातात धरली की अंगठा नेमका खालच्या कोपऱ्यावर येत होता, प्रत्येकाचा.

शेवटी महाराष्ट्र मंडळाच्या मीनाक्षीताई श्रीकांतांजवळ आल्या आणि अगदी हळू आवाजात म्हणाल्या, "डॉक्टर, उल्काचा फोटो छापायचा राहिला का हो?"

श्रीकांतांनी त्यांच्या हातातल्या पुस्तिकेकडे पाहिले.

"अंगठा," ते म्हणाले. "अंगठा जरा बाजूला घ्या."