जाळीपलीकडचा

संगणकावर आकडा आला, नऊशे बारा. सुष्मितानं पाण्यातल्या दोन्ही तारा काढल्या, पुसल्या, परत सोडल्या. पुन्हा नऊशे बाराच. पाणी तापलं असेल म्हणून तिनं तापमान पाहिलं. ते नेहमीचंच होतं.

दिवाळीची सुट्टी संपून कॉलेज आजच उघडलं होतं. जयसिंगपूरहून सकाळच्या एसटीनं ती थेट प्रयोगशाळेत आली होती. टाकीत दोन काळे मासे होते, मधे जाळी. हे मासे अंगातून सतत बारीकशी वीज सोडतात. गढूळ पाण्यात, अंधारात, त्या विजेवरूनच एकमेकांना हुडकतात, ओळखतात. सेकंदाला ठोके किती, हे प्रत्येकाचं वेगळं. उजवीकडच्याचे आठशे चाळीस. डावीकडच्याचे गेली तीन वर्षं आठशे सत्तरच्या आसपास. नऊशे बारा कधीच नव्हते.

शिवाय उजवीकडचा एरवी जाळीला चिकटून असायचा. आज तो लांबच्या कोपऱ्यात होता.

तिनं पिराजीमामांना बोलावलं. पिराजी विभागाचे शिपाई. सुट्टीत किल्ली त्यांच्याकडं, माशांचं खाणंही त्यांच्याकडं. त्यांनी आढेवेढे घेतले नाहीत. लक्ष्मीपूजनाला लाइट गेली, हवेचा पंप बंद पडला, उजवीकडचा कसाबसा तगला, डावीकडचा मेला. दुकानातून तसाच दुसरा आणून सोडला, म्हणाले.

सुष्मिता भडकली. लाइट गेली की पंप बॅटरीवर लावा, असं तिनं तीनदा बजावलं होतं. तीन वर्षांच्या कामावर पाणी पडलं, आणि वर ही फसवाफसवी. सरांच्या कानावर घालणार, असंही ती बोलून गेली.

"फसवाय न्हाय आणला, मॅडम," पिराजी म्हणाले. "दोन दिस ह्यो जाळीला त्वांड लावून त्येला हुडकत हुता. मला बघवंना."

"पण त्या दिवशी तुम्ही होता कुठं?"

"पंचगंगेवर."

"ऐन दिवाळीत नदीवर काय काम होतं?"

"बायकोला पोचवाय गेलतो."

स्मशान तिथंच आहे, हे तिच्या ध्यानात यायला एक क्षण लागला. ती स्टुलावर बसली. पहाटे बायको छातीत दुखतंय म्हणाली आणि दवाखान्यात नेईपर्यंत गेली, एवढंच पिराजींनी सांगितलं. कॉलेज बंद होतं, कळवायचं तरी कुणाला. तिसऱ्या दिवशी राख सावडली आणि ते कुलूप उघडायला आले, तर मासा उलटा तरंगत होता.

प्रयोग लांबला की पिराजी डब्यातली अर्धी भाकरी सुष्मितापुढं ठेवायचे आणि ती एका हातानं आकडे लिहीत ती खायची. भाकरी करणारीबद्दल तिनं कधी काही विचारलं नव्हतं.

"मामा," ती हळूच म्हणाली, "काकूंचं नाव काय हो?"

बायकोचं नाव चारचौघांत घ्यायची पिराजींना सवय नव्हती. त्यांनी दोनदा ओठ हलवले.

"बायडाबाई," ते म्हणाले, आणि इतके दिवस अडवून धरलेलं रडू त्यांना तिथंच, टाकीला टेकून, फुटलं.