दाराआडून

समुद्रतळावर पाइपलाइनचे दोन तुकडे बोल्टांनी जोडून दिगंबर जहाजावर आला, तरी बाहेर आला नव्हता. डेकवरच्या पोलादी टाकीत पाणबुड्यांना तळाइतक्याच दाबाखाली ठेवतात आणि तो दाब हळूहळू उतरवतात. घाईने दार उघडलं, तर अंगातलं रक्त सोड्यासारखं फसफसतं. अजून चार दिवस होते.

फोनवर मालवणहून बहीण रडत होती. "दादा, आयेचा काय खरा नाय. कोणाकच वळखणा नाय ती. बेगीन ये."

"फोन तिच्या कानाक लाव," तो म्हणाला आणि स्वतःच ओशाळला. टाकीतल्या हवेत हेलियम मिसळलेला असतो. त्याने बाप्याचा आवाजही पोरासारखा चिरका होतो. असल्या आवाजात आईचा निरोप घ्यायचा?

"आये, मी."

पलीकडून तिचा ओळखीचा, दटावणारा आवाज आला.

"झिला, शाळेतसून इलंस? मगे भायर कित्याक उभो रवलंस? दार उघडाच आसा. भितर ये."

दिगंबरने टाकीच्या बंद दारावर कपाळ टेकलं.

"इलंय, आये," तो म्हणाला.