पडद्याबाहेरचा विदूषक

"घट्ट धरा हिला," भुलीचं इंजेक्शन भरत डॉक्टर म्हणाले. हेरंबने सहा वर्षांच्या लेकीचे दोन्ही हात पलंगावर दाबून धरले. फुटलेल्या हनुवटीला टाके घालायचे होते आणि ती किंचाळत होती, "नको! नको!" कॅज्युअल्टीत तिचं कोणीच ऐकत नव्हतं.

तेवढ्यात मुलांची भीती घालवायला ठेवलेला विदूषक पडद्यातून डोकावला. "मी आत येऊ?"

"नको!"

"बरं," म्हणत तो खरंच मागे फिरला आणि पडद्याच्या दांडीवर आपटला. हेरंबच्या तळपायाची आग मस्तकात गेली. नको म्हटल्यावर जायचं, तर याला ठेवलाय कशाला?

लाल नाक पुन्हा आत आलं. "आता येऊ?"

"नको!" पुन्हा धडपड. चौथ्या वेळी तिला हसू फुटलं. पाचव्यांदा ती म्हणाली, "ये."

विदूषकाने डॉक्टरांकडे नुसतं पाहिलं. डॉक्टर अवघडले, पडद्याबाहेर गेले आणि तिथून म्हणाले, "मी येऊ?"

तिने बराच विचार केला. "या. पण हळू."

मग ती वळली. "बाबा, आता तरी सोड ना."

तिच्या मनगटांवर हेरंबची बोटं उमटली होती.