वाकायचं कुणी

विमानतळाच्या दारातून शालन बाहेर आली, तेव्हा तिच्या नावाची पाटी धरून एक म्हातारा उभा होता. अच्युतने ड्रायव्हर पाठवलेला दिसतोय, असं समजून तिने त्याच्या हातात बॅग दिली.

"ताई," म्हातारा म्हणाला, "मीच आहे."

इथे परदेशात स्थायिक झालेल्या धाकट्या भावाने, अच्युतने, तिच्या कायमच्या व्हिसासाठी अर्ज केला, तेव्हा ती चाळिशीची होती. भावंडांच्या व्हिसाची रांग तीस वर्षांची. वाट बघण्यात आयुष्य कशाला घालवायचं, म्हणून मिरजेच्या निद्रालयात तिने स्वतःला गोठवून घेतलं. नंबर लागल्यावर परवा तिला उठवलं. ती अजून चाळिशीचीच होती. अच्युत मात्र एवढी वर्षं जागाच होता. सही करताना हे सगळं तिला समजावलं होतं, पण आता त्यातलं काही उपयोगी पडेना.

समोर वडिलांच्या वयाचा माणूस बघून ती सवयीने पाया पडायला वाकली. तोही सवयीनेच तिच्या पाया पडायला वाकला होता. दोघांची डोकी आपटली.

"मोठी तू आहेस," तो कपाळ चोळत म्हणाला.

"कशावरून?" तिला खरंच कळत नव्हतं.

"मी ताई म्हणतो ना तुला."

बॅगेचा आधार घेत तो पुन्हा हळूहळू वाकला. 'औक्षवंत हो' तिच्या ओठांवर आलं आणि अडलं. इतक्या म्हाताऱ्या माणसाला हे म्हणायचं कसं?

अच्युत वाकूनच राहिला.

"म्हण ना, ताई," तो खालूनच म्हणाला. "आताच तर गरज आहे."