शेवटची रेघ

कुंचल्यावर वाळलेली शाई. खिंडीत पाय मोडलेला घोडा. आठ वर्षांच्या मुलीच्या थडग्यावर कोरलेलं एकच अक्षर : मिन.

"नव्या सम्राटांच्या नावातलं हे अक्षर तू कवितेत पूर्ण लिहिलंस," राजधानीहून आलेला चौकशी अधिकारी कवीला म्हणाला. कवी त्या डोंगराळ जिल्ह्याचा कारभार पाहायचा. वीस वर्षांपूर्वी दोघे एकाच परीक्षेला बसले होते. "सम्राटांच्या नावातलं अक्षर लिहिताना मान म्हणून एक रेघ गाळायची असते, हे मी तुला सांगायचं? माझ्या चुका काढायचास की!"

"ते माझ्या मुलीचं नाव आहे. आणि कवितेखालची तारीख बघ."

"तिकडे तारीख कुणी बघत नाही, अक्षर बघतात. असं कर, थडग्यावरची शेवटची रेघ छिन्नीनं उडव. मी ते पुरावा म्हणून दाखवतो. लिहितो, कवी रेघ गाळतोच, कवितेत ती नक्कल करणाऱ्यानं घातली. तो मेलाय, त्याचं काय जातंय? तुझं डोकं वाचेल."

कवी दुपारभर थडग्यापाशी बसला. छिन्नी तशीच परत घेऊन आला.

"ही रेघ ती नेहमी विसरायची," तो म्हणाला. "मी बोटांवर पट्टी मारायचो. शेवटच्या तापात तिनं पांघरुणावर बोटानं नाव लिहिलं. पूर्ण."

अधिकारी मित्रानं मान खाली घालून कुंचला भिजवला. आरोपपत्रातलं ते अक्षर लिहिताना त्यानं शेवटची रेघ गाळली.

बातमी आणणाऱ्या घोड्याचा पाय खिंडीत मोडला होता; नव्या सम्राटांचं नाव त्या जिल्ह्यात पोचलं, तेव्हा कविता लिहून नऊ दिवस झाले होते.