तापलेली तार

चंद्रावरच्या वसाहतीतली हवा कुठून गळतेय, ते तीन दिवस कुणालाच सापडेना. शेवटी वसाहत रिकामी करायचा हुकूम निघाला. शकीला मुजावर मात्र हटून बसल्या. मिरजेत त्यांनी तीस वर्षं गाड्यांची इंजिनं दुरुस्त केली होती. इंजिनात जाणारी हवा मोजणारा एक जुना सेन्सर त्यांनी आठवण म्हणून सोबत आणला होता. त्यातली तार तापवून त्या भिंतीलगत फिरू लागल्या.

"मावशी, यानं काय होणार?" इंजिनिअर दाभाडेनं विचारलं.

"वारा लागला की तार गार होते. तेवढीच गरम ठेवायला जास्त वीज लागते. काटा बघ!"

पाण्याच्या टाकीमागे काटा उसळला. तिथं केसाएवढी भेग होती. दाभाडेनं ती बुजवली आणि हवेचा दाब घसरायचा थांबला.

शकीलामावशींनी माइक हातात घेतला. "बांधलेलं सामान सोडा रे! कुणी कुठं जात नाही!"